मदत हवी आहे: तीर्थनच्या ट्राउटसाठी महाग फ्लाय लाइन घ्यावी का?

मंडळी, हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगने (माशीसारखं हलकं आमिष जड दोरीच्या, म्हणजे फ्लाय लाइनच्या वजनाने फेकून) ट्राउट मासा पकडायला ५ नंबरच्या (नंबर वाढला की लाइन जड) रॉडला तरंगणारी, डब्ल्यूएफ टेपरची (वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढचा भाग जड आणि टोकाकडे निमुळती) लाइन हवी आहे. ३०-४० डॉलरची साधी पुरेल की १०० डॉलरच्या पुढचीच घ्यावी?

मानकाप्रमाणे ५ नंबरच्या लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन (वजनाचं एक छोटं एकक), म्हणजे साधारण ९ ग्रॅम. बऱ्याच महाग लाइन मुद्दाम अर्धा नंबर जड असतात, त्यामुळे रॉड जवळच्या फेकीलाही छान वाकतो. पण मग हे श्रेय वजनाचं की दर्जाचं? २०-२५ फुटांच्या फेकीत लांब टेपरचे पैसे वायाच जातात, असं माझं मत.

खरा फरक टोकाला दिसतो. स्वस्त लाइनचं कोटिंग टोकाशी चिरलं किंवा लूप (टोकाचा जोडणीचा फास) कापला, की आतल्या विणलेल्या गाभ्यात पाणी शिरतं, शेवटचे दोन-तीन फूट बुडतात आणि कोरडी माशी (पाण्यावर तरंगणारं आमिष) खाली ओढली जाते. कोकणातल्या खाडीसाठीची उष्ण हवामानाची लाइन इथे चालणार नाही. थंड पाण्यात ती ताठ होते, स्प्रिंगसारखी वेटोळी धरते.

तर जाणकारांनी सांगावं: दगडांवर घासली गेली तरी महाग लाइन खरंच जास्त हंगाम टिकते का? कोमट पाणी आणि सौम्य साबणाने नियमित पुसली, सनस्क्रीन आणि डास पळवणाऱ्या मलमापासून जपली, तर स्वस्त लाइन किती टिकते? आणि उरलेले पैसे चांगल्या टेपर्ड लीडरवर (लाइन आणि माशी यांच्यामधला निमुळता होत जाणारा बारीक धागा) घातले तर?