पायथनमध्ये छापताना प्लस जोडणं सोडा

जळगावहून:
रावेरच्या एका व्यापाऱ्याची केळीची पावती छापायची स्क्रिप्ट काल दुरुस्तीला आली. एका ओळीत तुकडे जोडायला नऊ प्लस आणि आकड्याचा मजकूर करायला चार वेळा स्ट्र! तरी कागदावर ‘वजन८४.२क्विंटल’ असं चिकटून आलेलं, आणि खालच्या ओळीत स्ट्र राहून गेला म्हणून टाइपएरर (मजकुराला आकडा जोडता येत नाही अशी चूक) येऊन सगळं आडवं. मी तर म्हणतो, वाक्यात व्हेरिएबल छापायचं तर एफ-स्ट्रिंगच. अवतरणाआधी एफ, आत महिरपी कंसात नाव. कागदावर जसं दिसणार तसंच कोडमध्ये दिसतं. पायथनच्या २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून सोय आहे, तरी पोरं प्लसच लावत बसतात. रक्कम असेल तर नावापुढे कोलन देऊन .२एफ लिहा, ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी शेतकऱ्याच्या हातात पडू नये.

धुळ्याहून:
प्लस मीही शिकवत नाही भाऊ. पण ‘एफ-स्ट्रिंगच’ हे पटत नाही. आमच्या जिनिंगच्या वजनकाट्याच्या संगणकावर अजून जुनं विंडोज एक्सपी आहे, त्यावर पायथन ३.४ च्या पुढे चढतच नाही. तिथे तुमची ओळ म्हणजे थेट सिंटॅक्स एरर, पायथनला ती ओळ कळतच नाही. फॉरमॅट, म्हणजे मजकुरात कंसाच्या रिकाम्या जागा ठेवून त्या नंतर भरायच्या, असं लिहिलं की जुन्या-नव्या दोन्हीवर चालतं. आणि नवशिक्याला प्रिंटमध्ये स्वल्पविराम पुरतो, मोकळी जागा आपोआप पडते.

नंदुरबारहून:
माझी पावती मराठी, हिंदी, गुजराती तिन्हीत निघते. वाक्याचं भाषांतर शोधून देणाऱ्या गेटटेक्स्टला साचा रिकामा लागतो, एफ-स्ट्रिंग जागेवरच भरून जाते, मग भाषांतर सापडणार कुठून? इथे नाव दिलेल्या जागा आणि फॉरमॅटच बरं.

जळगावहून:
ताई, भाषांतराचं मान्य, तिथे माझा शब्द मागे घेतो. पण चूक शोधताना एफ-स्ट्रिंगला तोड नाही. ३.८ पासून कंसात नावापुढे बरोबरचं चिन्ह दिलं की नाव आणि किंमत दोन्ही छापतं, तेही अवतरणासकट. याच स्क्रिप्टमध्ये ‘यावल’ची बेरीज दोन ठिकाणी फुटत होती. साध्या प्रिंटला दोन्ही सारखेच दिसले. बरोबर लावल्यावर एकात ‘यावल’ आणि दुसऱ्यात ‘यावल ’, शेवटी एक मोकळी जागा! तासभर तिच्यापायी गेला होता.

धुळ्याहून:
ही युक्ती आजच वापरतो. फक्त काम झालं की ते चिन्ह काढा, नाहीतर पावतीवर व्हेरिएबलचं नाव छापून येईल. काट्यावरचा संगणक बदलेपर्यंत मी मात्र फॉरमॅटच लिहिणार.