नोमिस्मा आणि जोगलटेंभीची नाणी

कुणीतरी म्हटलंय की न्यूमिस्मॅटिक्स (नाणेशास्त्र) हा लॅटिन शब्द, अर्थ नाणी जमवणं. अर्धं बरोबर आहे, पण लॅटिननेही तो ग्रीक 'नोमिस्मा'वरून उचलला, म्हणजे चलनातलं नाणं, आणि त्याच्या मुळाशी 'नोमोस', रूढी किंवा कायदा. अ‍ॅरिस्टॉटलने तर लिहूनच ठेवलंय की पैसा निसर्गाने नाही, नोमोसने चालतो.

आपल्याकडचंच बघा ना, नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय, वितळवायची भानगडच नाही, थेट नहपानाच्या तोंडावरच तीन कमानींच्या डोंगराचं आपलं चिन्ह ठोकलं (काहींवर खालचा चेहरा अजून डोकावतो). चांदी तीच, हुकूम बदलला.