गरोदरपणातील झिका, डेंगी, चिकुनगुन्या: अभ्यासासाठी प्रयोगशाळेची तयारी कशी असावी?

वनमाला
पुणे जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रसूती विभाग पाहते. डासांमार्फत पसरणाऱ्या आणि गर्भालाही इजा करू शकणाऱ्या झिका विषाणूचा राज्यातील पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला आढळला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातील बाधितांमध्ये गरोदर स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. म्हणून येत्या पावसाळ्यापासून ताप घेऊन येणाऱ्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवायची आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत पाठपुरावा करायचा, असा आमचा विचार आहे. आमच्याकडे सेंट्रिफ्यूज, साधा फ्रीझर आणि डेंगीच्या एलायझाची (रक्तातील प्रतिपिंडे किंवा विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) सोय आहे, आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) नाही. व्यवस्थापन ते यंत्र घ्यायला तयार आहे. घ्यावे का, की तो पैसा दुसरीकडे लावावा?

सूक्ष्मदर्शी
विषाणूंच्या निदानाचे काम करणारा म्हणून सांगतो, यंत्राची घाई करू नका. आधी उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर आणि त्याला भरवशाचा वीजपुरवठा यांची सोय करा. पीसीआर पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे किंवा आयसीएमआरच्या जाळ्यातील प्रयोगशाळेकडे आरोग्य यंत्रणेमार्फत करून घेता येईल, पण योग्य दिवशी न घेतलेला नमुना कोणतीच प्रयोगशाळा परत मिळवून देऊ शकत नाही. झिकाचा आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) रक्तात साधारणपणे पहिल्या आठवड्यातच सापडतो, लघवीत तो बहुधा दोन आठवड्यांपर्यंत मिळतो. म्हणून रक्ताबरोबर लघवीही घ्या आणि ताप कधी सुरू झाला ती तारीख ट्यूबवरच लिहा.

त्यापुढची अडचण मोठी आहे. आठवडा उलटला की आयजीएमवर (संसर्गानंतर लवकर तयार होणाऱ्या प्रतिपिंडांवर) विसंबावे लागते, आणि आपल्याकडे बहुतेकांना डेंगी कधी ना कधी होऊन गेलेला असल्यामुळे झिका आणि डेंगीची प्रतिपिंडे चाचणीत एकमेकांशी गल्लत करतात. ती सोडवायला पीआरएनटी (प्रतिपिंडे कोणत्या विषाणूला निष्प्रभ करतात ते पाहणारी) ही चाचणी आहे, पण तिला जिवंत विषाणू, पेशींचे कल्चर आणि आठवडाभराचा वेळ लागतो, आणि जुना डेंगी असेल तर तिचाही निकाल अनेकदा संदिग्धच राहतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नावनोंदणीच्या पहिल्या भेटीत, एरवीही रक्त काढतोच तेव्हा, थोडे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) जास्तीचे ठेवून देणे. पुढे ताप आला तर आधीचा आणि नंतरचा नमुना शेजारी ठेवून एकाच वेळी तपासता येतो.

सीरम तीन-चार छोट्या क्रायोव्हायलमध्ये (अतिथंडीत टिकणाऱ्या नळ्यांमध्ये) विभागून ठेवा, म्हणजे दर तपासणीला सगळा साठा वितळवावा लागणार नाही. अख्खे रक्त मात्र गोठवू नका.

रानवारा
आराखड्याबद्दल एक आक्षेप आहे. झिकाच्या सुमारे ८० टक्के संसर्गांत लक्षणेच दिसत नाहीत, त्यामुळे ताप हीच प्रवेशाची अट ठेवली तर ज्या संसर्गाचा शोध घ्यायचा त्यातला मोठा भाग बाहेरच राहील. डेंगी-चिकुनगुन्यासाठी ती अट चालेल; झिकासाठी दर तिमाहीला सीरम घ्यावे लागेल. संमतीपत्रात साठवणुकीचा आणि पुढील चाचण्यांचा स्पष्ट उल्लेख आताच करा, नंतर तशी संमती मिळवणे फार जिकिरीचे असते.

पाळणा
बालरोगतज्ज्ञ म्हणून प्रसूतीच्या वेळेबद्दल लिहिते. आईचे आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) वार ओलांडून बाळात येते, आयजीएम येत नाही; म्हणून बाळाच्या रक्तातील आयजीएम ही खरी खूण. नाळेच्या रक्तात आईचे रक्त मिसळण्याचा धोका असतो, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत बाळाचेच रक्त घेतलेले बरे. वारेचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये आणि फॉर्मॅलिनशिवाय थेट डीप फ्रीझरमध्ये, असे दोन्ही प्रकारे ठेवा. प्रसूतिगृहात रात्री सवयीने सगळेच फॉर्मॅलिनमध्ये जाते, आणि मग विषाणू वाढवून पाहण्याची शक्यता संपते.

चिकुनगुन्याचा भर निराळ्या जागी आहे. रियुनियन बेटावरील २००५-०६ च्या साथीत प्रसूतीच्या सुमारास आईच्या रक्तात विषाणू असताना जवळजवळ निम्म्या बाळांना संसर्ग झाला होता, आणि सिझेरियनने त्यांचा बचाव झाला नाही. त्यामुळे कळा सुरू असताना ताप असलेल्या बाईचे रक्त ठेवायला विसरू नका, आणि बाळ जन्मताना ठणठणीत दिसले तरी आठवडाभर नजरेखाली ठेवा.

वनमाला
म्हणजे यंत्र बाजूला ठेवून डीप फ्रीझर, जनरेटरची जोडणी आणि रात्रपाळीच्या परिचारिकांचे प्रशिक्षण यांचा प्रस्ताव मांडते. दर तिमाहीच्या नमुन्यांसाठी किती क्रायोव्हायल आणि रॅक लागतील, याचा हिशेब उद्या येथेच टाकते. सूक्ष्मदर्शी यांनी तो एकदा नजरेखालून घालावा.