रि: रि: फिल्म नाईट - कॉलेजच्या दोस्तांचा पिक्चर कुठला लावायचा?

नमस्कार मंडळी,
आपल्या डेट्रॉइटकडच्या मंडळाच्या हिवाळ्यातल्या फिल्म नाईटसाठी "कॉलेजचे दोस्त पुन्हा भेटतात" अशी थीम ठरलीये. आत्तापर्यंत सुचवलेली नावं: मराठी 'क्लासमेट्स', 'दुनियादारी', 'छिछोरे', आणि कँटनच्या काकांकडून इंग्लिश 'द बिग चिल'. मतं कळवा. नुसतं "+१" लिहून अख्ख्या लिस्टला पाठवू नका प्लीज, मागच्या वेळी लोकांनी वैतागून अनसबस्क्राइब केलं होतं.
- सांस्कृतिक समिती

---

+१ क्लासमेट्स

---

काका, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण बिग चिल आर रेटेड, म्हणजे मोठ्यांसाठीचा आहे हो. सुरुवातच अंत्यविधीने, पुढे ड्रग्ज, आणि त्या मैत्रिणीला मूल हवंय म्हणून बायको स्वतःच्या नवऱ्याला पुढे करते, हे सगळं भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या शेजारी बसून बघायचं का? मुलंही असतात आपल्याकडे. क्लासमेट्स लावा ना, गाणी आहेत, सस्पेन्स आहे, सगळे बघतील.
- नोव्हायहून

---

अहो ताई, एवढंच दिसलं का तुम्हाला त्यात! जरा ऐका. पहिलं म्हणजे हा पिक्चर आपल्या गावचा आहे. दिग्दर्शक लॉरेन्स कॅसडन इथेच ॲन आर्बरला युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये शिकला, पिक्चरमधली गँगही मिशिगनचीच, टीव्हीवर मिशिगनची फुटबॉल मॅच बघत बसतात आणि हाफटाइमला धापा टाकत स्वतःच अंगणात खेळायला जातात. शूटिंग तेवढं साउथ कॅरोलिनात, ब्यूफर्टला. आणि गाणी म्हणाल तर मार्विन गे, टेम्प्टेशन्स, स्मोकी रॉबिन्सन, बरीचशी मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीची, म्हणजे डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं ते छोटं घर, पाहुणे आले की आपण म्युझियम म्हणून दाखवायला नेतो तेच. १९८३ साली हा पिक्चर लागला तेव्हा मी इथे शिकत होतो, पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्धा कळलाच नाही, कारण मी चोवीस वर्षांचा होतो आणि पिक्चर पस्तिशीतल्या लोकांचा आहे.

आता मुद्द्याचं. या पिक्चरमध्ये कॉलेज एकदाही दिसत नाही. फ्लॅशबॅक एकही नाही! ॲलेक्स नावाच्या मित्राने आत्महत्या केली म्हणून सगळे जमलेत, आणि हा ॲलेक्स कसा होता ते आपल्याला बाकीच्यांच्या बोलण्यातूनच समजतं, त्यातही प्रत्येकाचा ॲलेक्स वेगळा. गंमत म्हणजे केव्हिन कॉस्टनरला ॲलेक्स म्हणून घेतलं होतं, शेवटाला कॉलेजच्या दिवसांचा सीन शूटही केला होता, आणि कॅसडनने तो कापून टाकला. आता कॉस्टनर उरलाय तो सुरुवातीला प्रेताला कपडे घालतात तेवढा, चेहरासुद्धा दिसत नाही. (पुढे १९८५ साली 'सिल्व्हराडो'त त्याला चांगला रोल देऊन भरपाई केली.)

त्यामुळे होतं काय, की पळून जायला जागाच नाही. साठच्या दशकात ही पोरं जग बदलायला निघालेली, आता एक जण बुटांच्या दुकानांची चेन चालवतोय, एक टीव्हीवरचा हीरो, एक पीपल मॅगझिनमध्ये लिहितोय, गरिबांच्या केसेस लढायला म्हणून वकील झालेली आता रिअल इस्टेटची कागदपत्रं करतेय, व्हिएतनामच्या युद्धातून आलेला नशेच्या गोळ्या विकतोय. शनिवार-रविवार एका घरात राहायचं आणि एकमेकांची तोंडं बघायची. आपल्याकडे काय होतं? दहा मिनिटांत "आठवतं का रे" आणि गेले कॅन्टीनमध्ये, ते इंटरव्हल झाली तरी तिथेच. दुनियादारीत तर कट्टाच हीरो आहे. छिछोरेत मुलगा हॉस्पिटलमध्ये जीवन-मरणाच्या दारात आणि बाप त्याला हॉस्टेल फोर आणि जनरल चॅम्पियनशिपच्या गोष्टी सांगतोय, बरं गोष्टी चांगल्या आहेत, मीही हसलो, पण टकलाचे विग लावून जी म्हातारी मंडळी बसवलीत त्यांचं मधल्या वर्षांत काय झालं? नवरा-बायकोचा घटस्फोट झालाय, तोसुद्धा जाता जाता उरकलाय. आपण इथे भेटलो की तसेही तासाभरात अठरा वर्षांचे होतो, पिक्चर तरी मोठ्या माणसांचा बघूया की.
- कँटनचे काका

---

काका, अर्धं पटलं. पण क्लासमेट्सला दुनियादारीच्या पंगतीला बसवू नका हो. मूळ मल्याळम पिक्चर, २००६ चा, लाल जोसचा, कोट्टायमच्या सीएमएस कॉलेजात शूट केलेला. रियुनियनच्या रात्रीच एकाचा गळा गिटारच्या तारेने आवळला जातो आणि हे कुणी केलं, का केलं, ते शोधायला मागे जावंच लागतं. म्हणजे तिथला फ्लॅशबॅक ही गोड आठवण नाही, ती साक्ष आहे. ज्याला आपण व्हिलन समजत होतो तो आपल्या नजरेने सांगायला लागला की आधी बघितलेला प्रसंग उलटा दिसतो. तुमचा ॲलेक्स जसा प्रत्येकाचा वेगळा, तसं इथे अख्खं कॉलेजच प्रत्येकाचं वेगळं आहे, फक्त बोलून नाही, दाखवून. (शेवट कोणी लिहू नका लिस्टवर, हात जोडते.)

मराठीत आदित्य सरपोतदारने २०१५ ला केला, अंकुश चौधरी, सई, सोनाली, सचित पाटील, सिद्धार्थ चांदेकर सगळे आहेत. अंकुश दुनियादारीतही कॉलेजचा दादा, इथेही दादा, त्याला कधी पास करणार देव जाणे. माझी तक्रार वेगळी आहे. केरळात कॉलेजची निवडणूक म्हणजे खरोखरची पार्टीची लढाई, डाव्यांची एसएफआय विरुद्ध काँग्रेसची केएसयू, तिथली पोरं पुढे आमदार-मंत्री होतात, त्यामुळे दोस्तीत दरी पडते ते लगेच पटतं. आपल्याकडे १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या भांडणातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंदच झाल्या. मग सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, कोण? तर ज्याला मार्क जास्त तो. आमचा सीआर पहिल्या बाकावरचा, मॅडमनी "काही बोलायचंय का" विचारलं की घाम फुटायचा त्याला, त्याच्यासाठी कोण कशाला राडा करेल! त्यामुळे मला ती पोस्टरं नि मारामाऱ्या बघताना हे कुठलं कॉलेज बाई असं झालं. माझी मोठी बहीण मात्र, ती ऐंशीच्या दशकातली, म्हणाली अगदी आमच्यासारखंच. तेव्हा हा पिक्चर कुणाला किती जवळचा वाटतो ते बॅचवर आहे.
- ट्रॉयची, तुमची नेहमीची भांडखोर

---

मी लिस्टवर फारसा लिहीत नाही पण आज राहवत नाहीये. मी बायकोच्या कॉलेजच्या रियुनियनला गेलेला नवरा आहे. पुण्यात. दोन दिवस मी अशा लोकांच्या जोक्सवर हसलो ज्यांची टोपणनावं मला अजून माहिती नाहीत, आणि एका सरांची नक्कल प्रत्येकाने करून दाखवली, ते सर मी कधी बघितलेले नाहीत.

बिग चिलमध्ये आमच्या जमातीचा एकच माणूस आहे, रिचर्ड, त्या गँगमधल्या कॅरनचा नवरा. रात्री झोप येत नाही म्हणून किचनमध्ये सँडविच करत बसतो आणि जे बोलतो ते त्या गँगमधल्या कुणालाच सुचलं नसतं, की पोरं आहेत, नोकरी आहे, नको त्या बॉसशी जुळवून घ्यावं लागतं, आणि यात मजा येईल असं आपल्याला कबूल कुणी केलं होतं? बाकीचे ऐकून घेतात, बास. मग पिक्चर त्याला रटाळ ठरवून मुलांकडे घरी पाठवून देतो, म्हणजे कॅरन तिच्या जुन्या हीरोच्या मागे जायला मोकळी. काकांनी पस्तिशीतल्या माणसांचा पिक्चर म्हणून एवढं कौतुक केलं, पण पस्तिशी खरी निभावणारा तो एकटाच होता आणि त्यालाच बाहेर काढलं. मला हा अन्याय वाटतो. आपल्या पिक्चरांत तर बाहेरून आलेल्या नवऱ्या-बायकोला किचनमधलं एवढं भाषणही मिळत नाही.

तरी बिग चिललाच मत. त्यातली नटी ग्लेन क्लोज शॉवरमध्ये बसून रडते ना, तेवढ्यासाठी.
- फार्मिंग्टन हिल्स

---

रिचर्डराव, मुद्दा बिनतोड आहे, पण त्याला घालवलं म्हणूनच बाकीचे उघडे पडतात ना! तो राहिला असता तर सगळे शहाण्यासारखे वागले असते. या आमच्याकडे, समोरासमोर भांडू.
- काका

---

मंडळी, असं ठरलंय. लायब्ररीच्या हॉलमध्ये 'क्लासमेट्स', आधी जाहीर शोची रीतसर परवानगी काढतोय, पैसे भरून घरी बघायचं आणि हॉलमध्ये लावायचं यात फरक आहे हे लायब्ररीने निक्षून सांगितलंय. मिळाली की तारीख कळवू. इंग्लिश सबटायटल असतील असं बघतोय, इथे वाढलेल्या मुलांसाठी. 'बिग चिल' मंडळाचा कार्यक्रम नाही, काकांच्या बेसमेंटमध्ये खासगी, फक्त मोठ्यांसाठी, लहान मुलं वरच्या मजल्यावर नोव्हायच्या ताई सांभाळणार आहेत (त्यांनी स्वतःहून सांगितलं!).
- सांस्कृतिक समिती

---

बेसमेंटवाल्यांसाठी: जेवण पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं. साबुदाण्याची खिचडी आधीच तिघांनी सांगितलीये, आता कोणीतरी भाताचं काहीतरी आणा. जेवण झाल्यावर टेम्प्टेशन्सच्या गाण्यावर सगळे मिळून नाचत किचन आवरतात तो सीन येईल, तिथे पिक्चर पॉज करून आपणही आवरून घेऊ, नाहीतर रात्री बाराला मी एकटाच सिंकपाशी असतो. गाड्या शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेसमोर लावू नका.
- काका