मदत हवी आहे: डुलकी ओळखणारा कॅमेरा रात्री फसतो

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ नागपूरच्या कळमना बाजारातून संत्र्याची गाडी घेऊन समृद्धी महामार्गाने मुंबईला जातो. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, वळणं फारशी नाहीतच. पहाटे तीन-चारला डोळा लागतोच. मागच्या महिन्यात गाडी कठड्याला घासली. थोडक्यात वाचला. आई अजून झोपत नाही.

म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला कॅमेरा लावून पापण्यांची उघडझाप मोजतोय. साधी उघडझाप अर्ध्या सेकंदाच्या आत होते, म्हणून डोळे दीड सेकंद मिटलेले दिसले की बझर वाजतो. दिवसा वाडी नाक्यापर्यंत नीट चाललं. रात्री मात्र अंधारात कॅमेऱ्याला दिसावं म्हणून लावलेल्या ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड एलईडीचा उजेड भावाच्या चष्म्यावर चमकतो आणि डोळेच दिसत नाहीत. शिवाय त्या एलईडीचा मंद लाल ठिपका त्याला खुपतो. ९४० चा घेतला तर ठिपका जाईल, पण चमक जाईल का? की एलईडी कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला लावू?

दुसरं, मिनिटभरात डोळे किती वेळ ८० टक्क्यांहून जास्त मिटलेले होते, ते मोजणारी परक्लॉस पद्धत कोणी वापरली आहे का? बझर वाजेपर्यंत उशीर झालेला असतो, मला त्याआधी इशारा हवाय.

नागपुरात कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. भाऊ शुक्रवारी परत निघतोय.