केवळ २,४-डीची मात्रा पुरेशी नाही

‘२,४-डी (ऑक्सिन या वाढ-संप्रेरकासारखे काम करणारे कृत्रिम द्रव्य) भरपूर दिले की शिंबावर्गीय पिकांत कायिक भ्रूण (फलनाशिवाय साध्या ऊतींतून तयार होणारे भ्रूण) मिळतातच, जीनोटाइप (वाणाची जनुकीय घडण) दुय्यम’ असे एक मत मांडले जाते; ते सोयाबीनच्या कोवळ्या बीजपत्रांपुरते काही अंशी मान्य करता येईल. मेडिकॅगो ट्रंकॅट्युला या शिंबावर्गीय प्रायोगिक वनस्पतीत मात्र चित्र उलटे आहे. जेमलाँग या वाणातून निवडलेला २एचए हा वंश आणि मूळ जेमलाँग एकाच माध्यमावर, ऑक्सिन व सायटोकायनिन या संप्रेरकांच्या त्याच मात्रेत ठेवले, तरी २एचएच्या पानांच्या तुकड्यांवर भ्रूण भरभरून येतात आणि मूळ वाणात बहुधा नुसता कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) फुगत राहतो.

अशा चर्चेत राहून जाणारा मुद्दा इथिलीनचा, म्हणजे वनस्पतीच तयार करतात त्या वायुरूप संप्रेरकाचा. इथिलीनला प्रतिसाद देणारे एमटीसर्फ१ हे जनुक आरएनए हस्तक्षेपाने दाबले असता २एचएमधील भ्रूणनिर्मिती मोठ्या प्रमाणात खुंटते, आणि इथिलीनची निर्मितीच रोखणारी द्रव्ये माध्यमात घातली तरी तोच परिणाम दिसतो. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीच्या धास्तीने आम्ही भुईमुगाच्या बीजपत्रांच्या पेट्री डिशना पॅराफिल्मचा (डिशची कड बंद करणाऱ्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीचा) एक वेढा जास्तच देतो (उन्हाळ्यात तेवढी काळजी कोण घेतो!), आणि मग ऊतींतून निघणारा हा वायू आत साठत राहतो; त्याचा परिणाम भ्रूणांच्या संख्येवरही होऊ शकतो. म्हणून दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करताना २,४-डीच्या मात्रेइतकीच डिश कशी बंद केली होती याचीही नोंद मागावी.