आखाजीला हॅमस्टर आणावा की पावसाची वाट पाहावी?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची असून घरात एखादा प्राणी हवा, हा तिचा हट्ट वर्षभर चालू आहे. आईला कुत्र्याची भीती वाटते आणि मांजराच्या केसांनी पत्नीला दम्याचा त्रास होतो, त्यामुळे शेवटी हॅमस्टरवर एकमत झाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला काही ना काही द्यायचे असतेच, तेव्हा या वर्षी हीच भेट द्यावी असे ठरवून मी मागच्या रविवारी जळगावला एका दुकानात गेलो आणि नेले होते त्यापेक्षा जास्त प्रश्न घेऊन परतलो.

दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे एकटा हॅमस्टर झुरून मरतो, म्हणून जोडीच घ्यावी लागते. पिंजरा त्याने दीड फुटाचा, तारेचा, रंगीत नळ्यांचा दाखवला. आमच्याकडच्या उन्हाळ्याचा विषय काढला, तर “हा मुळात वाळवंटातला प्राणी, ऊन त्याला काय करणार?” असे उत्तर मिळाले. एकाच पिंजऱ्यात आठ-नऊ पिल्ले एकमेकांच्या अंगावर झोपली होती आणि त्यांतल्या एकाचा शेपटीकडचा भाग ओला, चिकट दिसत होता.

आमच्या घराचा पुढचा भाग नवा, स्लॅबचा आहे. मुलीची खोली तिथेच, वरच्या मजल्यावर आहे. मागे आईची जुनी धाब्याची खोली तशीच ठेवली आहे. घरात कूलर आहे, एसी नाही, आणि दुपारची वीज कधी जाईल याचा नेम नसतो. जात कोणती घ्यावी, एक घ्यावा की दोन, आणि आधी काय काय तयार ठेवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. मोबाइलवर फोटो पाहून आईने तिचा निकाल केव्हाच दिला आहे: “हाऊ ते उंदीर शे!”

पांझराकाठची (धुळे)

भाऊ, आईंचा निकाल फारसा चुकीचा नाही. हॅमस्टर उंदराच्या लांबच्या नात्यातलाच आहे. दुकानदाराच्या तिन्ही गोष्टी मात्र चुकीच्या आहेत.

उन्हापासून सुरुवात करते, कारण खान्देशात हॅमस्टर पाळायचा म्हणजे आधी खोलीचा विचार करावा लागतो. आपण ज्याला सीरियन किंवा गोल्डन हॅमस्टर म्हणतो, त्याचे मूळ गाव सीरियातील अलेप्पोच्या आसपासचा, तुर्कस्तानच्या सीमेलगतचा शेतीचा पट्टा. तिथे ऊन भरपूर असते हे खरे. पण हा प्राणी दिवसाचा बहुतेक काळ जमिनीत अर्ध्या मीटरहून खोल बिळात घालवतो, आणि तिथे उन्हाची झळ पोहोचत नाही. 1930 साली इस्रायल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली, तीसुद्धा शेत खोलवर खणूनच; आज जगभर घरोघरी असलेले सीरियन हॅमस्टर जवळजवळ सगळे त्याच कुटुंबाचे वंशज मानले जातात. ठेंगण्या जातींपैकी विंटर व्हाइट तर सायबेरिया-कझाकस्तानकडची आहे. अशा प्राण्याला तारेच्या पिंजऱ्यात, स्लॅबखालच्या खोलीत, 44 अंशांच्या दुपारी ठेवणे म्हणजे त्याचे बीळ काढून घेऊन त्याला उन्हात सोडण्यासारखेच आहे.

हॅमस्टरला 20 ते 24 अंश तापमान मानवते आणि 30 च्या पुढे धोका वाढत जातो. पंख्याच्या वाऱ्याने आपला घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटते. हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे बंद खोलीत नुसता पंखा त्याच्या अंगावर गरम हवाच फिरवतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, आखाजीला हॅमस्टर आणूच नये. पाऊस चांगला स्थिरावला की आणावा. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डब्यात घालून पाठवणारेही भेटतात. या दिवसांत तर तो मार्ग मुळीच धरू नये.

हाती आलेल्या दोन-तीन महिन्यांत घर तयार करावे. एक साधा थर्मामीटर विकत आणून आईंच्या धाब्याच्या खोलीत टांगा आणि दुपारी तीनचा आकडा रोज लिहून ठेवा. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर असलेल्या खोलीत वरच्या खोलीपेक्षा बराच फरक पडलेला दिसेल, आणि पिंजऱ्याची जागा तीच. कूलर त्याच खोलीत लावायचा असेल तर झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर दमट हवा कोंडते. वीज गेली तर बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर, एका बाजूला टेकवून ठेवतात. आत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला तर हॅमस्टर त्यावर आपणहून पोट टेकून पसरतो.

दीड फुटी पिंजरा घेऊ नका. मी सुताराकडून सनमायका लावलेल्या प्लायची चार फूट बाय दोन फुटांची पेटी करून घेतली. समोर अ‍ॅक्रिलिक आणि वर पूर्ण जाळी. काचेचा फिशटँक उन्हाळ्यात कोंदतो, म्हणून तो टाळला. आत एका बाजूला तरी वीतभर खोल अंथरूण हवे, कारण खणणे हा त्याचा धर्म आहे. बिनवासाच्या, बिनछपाईच्या कागदाचे कपटे आणि त्यात थोडे मऊ वाळलेले गवत मिसळले की भुयार ढासळत नाही. सुतार पेटीबरोबर भुसा फुकट देऊ करेल, तो घेऊ नका. त्यातली बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि देवदार-पाइनच्या वासानेही त्रास होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगावी लागते. आपल्याकडे घरोघरी कापूस असतो आणि ‘मऊ आहे, थंडीत बरा’ म्हणून तो हटकून पिंजऱ्यात घातला जातो. कापसाचे तंतू पायाला गुंडाळून रक्त अडवतात, आणि दाणे साठवायच्या गालाच्या पिशव्यांतून पोटात गेले तर आतडे तुंबते. घरट्यासाठी साधा टिश्यू पेपर फाडून द्यावा, तो त्याची कातरकामे स्वतः करतो.

चाक 25 ते 28 सेंटिमीटर व्यासाचे आणि सपाट पृष्ठभागाचे घ्यावे, तारांचे घेऊ नये. त्यात पाय अडकतो आणि लहान चाकावर पाठ वाकते.

गांधलीपुरा (अमळनेर)

जोडीबद्दल मी लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

दोन वर्षांपूर्वी मी ‘दोन्ही माद्याच आहेत’ या दुकानदाराच्या भरवशावर सीरियन जातीची दोन पिल्ले आणली. पंधरा-सोळा दिवसांनी एका सकाळी पिंजऱ्यातून बारीक चीं-चीं ऐकू आली. पाहिले तर कागदाच्या ढिगाखाली शेंगदाण्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली नऊ पिल्ले वळवळत होती. दुसरी ‘मादी’ नर निघाली, आणि या जातीची गर्भधारणा अवघ्या 16 दिवसांची असते. मी घाबरून पिंजरा स्वच्छ करायला घेतला, पिल्लांना हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी आईने त्यांतली तीन खाल्ली. पहिले आठ-दहा दिवस तिला मुळीच त्रास द्यायचा नसतो, हे मला नंतर कळले. उरलेली सहा पिल्ले चार आठवड्यांची होताच नर आणि माद्या वेगळे करून घरे शोधत फिरलो. तोवर मूळ जोडीतल्या नराचा कान मादीने फाडला होता.

सीरियन हॅमस्टर मोठा झाला की एकटाच राहतो. झुरत वगैरे काही नाही, उलट दुसरा दिसला की रक्त निघेपर्यंत भांडतो. आठ-दहा आठवड्यांनंतर दोन सीरियन एका पेटीत ठेवूच नयेत. काही ठेंगण्या जाती एकत्र राहू शकतात, पण पहिल्यांदा पाळणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. भाऊ, एकच घ्या, आणि सीरियनच घ्या. तो ठेंगण्यांपेक्षा मोठा आणि संथ असल्याने मुलीच्या हातातून सहजासहजी निसटणार नाही.

हॅमस्टर निशाचर आहे, हेही मुलीला आताच सांगून ठेवा. ती शाळेतून येईल तेव्हा तो झोपलेला असेल आणि झोपेतून उठवला तर चावेल. त्याची खरी पहाट रात्री नऊ-दहाला होते. आईंच्या खोलीत पेटी ठेवणार असाल तर रात्रभर फिरणाऱ्या चाकाच्या आवाजाबद्दल आधी त्यांची परवानगी घ्या.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, भाऊ, मनापासून आभार. आखाजीचा बेत रद्द केला. मुलगी दोन दिवस रुसली. मग थर्मामीटरची वही तिच्याकडेच दिली, तेव्हा तिचा रुसवा गेला. आता खाण्यापिण्याचे आणि आजारपणाचे कोणी सांगेल का? घरात बाजरी, ज्वारी, दादर (रब्बीची ज्वारी), शेंगदाणे सगळे असते, आणि केळीला तर आपल्याकडे तोटा नाही.

सातपुडा पायथा (नंदुरबार)

मी पशुवैद्यक आहे. माझे बरेचसे काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचे, तरी अशा लहान प्राण्यांचे रुग्णही अधूनमधून येतात.

सर्वप्रथम, त्या दुकानात पाहिलेल्या ओल्या शेपटीच्या पिल्लाबद्दल. आतड्याच्या त्या जुलाबाच्या आजाराला इंग्रजीत वेट टेल म्हणतात. तो नुकत्याच आईपासून तोडलेल्या पिल्लांना गर्दी आणि ताणामुळे चटकन होतो, पसरतो आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत जीव घेतो. त्या पिंजऱ्यातले दुसरे निरोगी दिसणारे पिल्लूही घेऊ नये. 2018 च्या केंद्रीय नियमांनुसार अशा दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती विचारावी आणि पावती मागावी. दुकानात संध्याकाळी उशिरा जावे, म्हणजे पिल्ले जागी असतात. डोळे स्वच्छ, नाक कोरडे, शेपटीखालचा भाग कोरडा आणि पुढचे दात सरळ हवेत; कुठे टक्कल नसावे. पाच ते आठ आठवड्यांचे, पेटीत हात घातल्यावर आधी दबकणारे आणि मग हुंगायला पुढे येणारे पिल्लू मी निवडेन. नर-मादी वेगळे ठेवलेले नसतील तर मादी घेऊ नये. घरी येतानाच ती गाभण असू शकते.

आपल्या पत्नीला मांजराच्या केसांनी दमा होतो असे आपण लिहिले आहे आणि तो मुद्दा वरच्या उत्तरांत सुटला. हॅमस्टरच्या केसांची आणि लघवीची अ‍ॅलर्जीही काहींना असते. ओळखीत कोणाकडे हॅमस्टर असेल तर तिथे पत्नीने दोन-तीनदा तासभर बसून पाहावे आणि त्यांच्या डॉक्टरांनाही आधी विचारावे.

बाजरी, ज्वारी, राळा उत्तम. मोठ्या सीरियनला दिवसाला सुमारे 10 ग्रॅम कोरडे खाणे पुरते. मात्र नुसत्या धान्यावर प्रथिने कमी पडतात, म्हणून हॅमस्टरसाठीच्या गोळ्या त्यात मिसळाव्यात आणि आठवड्यातून एकदोनदा उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा द्यावा. सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे हाताळण्याच्या वेळी लालूच म्हणून ठेवावेत, कारण तेलकट बियांवर तो बाकीचे सोडून देतो. काकडी, गाजर, कोथिंबीर थोडी चालते. केळ्याचा नखाएवढा तुकडा आठवड्यातून एकदा पुरे. ते गालाच्या पिशवीला चिकटून सडते आणि साखरेचे म्हणाल तर ठेंगण्या जातींना मधुमेह लवकर होतो, त्यांना केळे मुळीच देऊ नये. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळे, कच्चा बटाटा आणि कच्चे वांगे वर्ज्य. भरीत आपल्यासाठी राखावे. साठवलेल्या दाण्यांना मुंग्या लागतात, म्हणून पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे हा आजीच्या फडताळाचा उपाय इथेही चालतो.

औषधांबाबत एक इशारा देतो. घरात उरलेले अँटिबायोटिक हॅमस्टरला कधीही देऊ नये. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन या नेहमीच्या औषधांनी त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यातून प्राणीच दगावतो. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी ‘हॅमस्टरला चालेल ना?’ असे स्पष्ट विचारावे. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

पांझराकाठची (धुळे)

डॉक्टरांनी उत्तम लिहिले आहे. फक्त थंडीचे राहिले. धुळ्यात जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. त्या पहिल्याच थंडीत आमचा हॅमस्टर सकाळी लाकडासारखा ताठ आणि थंडगार सापडला; शेजारच्या काकूंनी परसात खड्डा करायला सांगितला. मी त्याला तळहातात धरून बसले होते, तेवढ्यात एक मिशी हलल्यासारखी वाटली. स्वेटरच्या आत, पोटाशी धरून हळूहळू ऊब दिली. तासाभराने त्याने जांभई दिली. खोली फार गार पडली की तो अशा गुंगीत जातो. तेव्हा पुरायची घाई करू नका, आणि थेट शेकोटीजवळही नेऊ नका.

तापीकाठ (भुसावळ)

वहीतले आकडे कळवतो. काल दुपारी तीन वाजता मुलीच्या खोलीत 39 होते आणि आईच्या खोलीत 33. कूलर लावल्यावर आईची खोली 28 वर आली. सुताराला पेटीचे माप दिले आहे. चाकाच्या आवाजाबद्दल आईला विचारले, तर ती म्हणाली की तिला तशीही रात्री झोप लागत नाही.